छोट्या कार्यालयाचा सर्व्हर: देखरेख, सुरक्षितता आणि वीजवापर यांचा एकत्रित विचार

दिवेलागण

आमचे कार्यालय चौदा जणांचे आहे आणि सर्व फाइल, हिशेबाचे सॉफ्टवेअर व ग्राहकांच्या नोंदी एकाच टॉवर सर्व्हरवर आहेत. हा सर्व्हर आता बदलायचा आहे. नवीन यंत्र निवडताना प्रोसेसर, मेमरी आणि साठवण यांवर भरपूर चर्चा होते, पण देखरेखीच्या, सुरक्षिततेच्या आणि वीज वाचवण्याच्या सोयींचा विचार बहुधा 'असल्या तर बऱ्या' एवढाच होतो. माझेही तसेच होते आणि त्याची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्या जुन्या सर्व्हरमध्ये चार डिस्कचे रेड ५ (माहिती अनेक डिस्कवर वाटून ठेवण्याची पद्धत) होते. यंत्र लाकडी कपाटात, बंद दाराआड ठेवलेले होते. एका सकाळी कोणाचीच फाइल उघडेना. कपाट उघडले तेव्हा दोन डिस्कच्या खणांवर पिवळे दिवे लागलेले होते. रेड ५ एक डिस्क गेलेली सहन करते, दुसरी गेली की सगळेच जाते. नंतर नोंदी तपासल्यावर कळले की पहिली डिस्क जवळजवळ अडीच महिन्यांपूर्वीच निकामी झाली होती. एवढे दिवस तो पिवळा दिवा कपाटाच्या आत जळत होता आणि बाहेर आम्ही नेहमीसारखे काम करत होतो. बॅकअप होता म्हणून निभावले, तरी सर्व पूर्ववत व्हायला तीन दिवस लागले.

मला अधिक लागलेली गोष्ट पुढची आहे. डिस्क बिघडताच ई-मेल पाठवण्याची सोय त्या यंत्रात पहिल्या दिवसापासून होती. फक्त मेल सर्व्हरचा पत्ता भरायची जागा रिकामी होती. यंत्र बसवून देणाऱ्याने ती भरली नाही आणि आम्ही कधी विचारले नाही.

त्यानंतर बरेच वाचन केले. त्यातून माझे असे मत झाले आहे की देखरेख, सुरक्षितता आणि वीज या तीन वेगळ्या बाबी नाहीतच. बिघाड कळवणारी, दूरवरून यंत्र सुरू-बंद करू देणारी, पंख्यांचा वेग ठरवणारी आणि किती वॉट खर्च होतात हे सांगणारी चिप एकच असते, आणि चोराला आत येण्यासाठी सर्वांत सोयीचे दारही तेच असते. म्हणून जाणकारांना तीन प्रश्न विचारतो. या चिपचे नेटवर्क कसे जोडावे? छोट्या कार्यालयाने दोन पॉवर सप्लाय घ्यावेत का? आणि रात्री सर्व्हर बंद करावा का?

कळसूत्र

दिवेलागण, तुमचे निरीक्षण योग्य आहे. त्या चिपला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर म्हणतात. एचपीईच्या यंत्रांत ती आयलो या नावाने, डेलमध्ये आयड्रॅक या नावाने आणि लेनोवोमध्ये एक्सक्लॅरिटी कंट्रोलर या नावाने ओळखली जाते. पुढे मी तिला नुसते कंट्रोलर म्हणेन.

तो मदरबोर्डवर बसवलेला एक स्वतंत्र छोटा संगणकच असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःचे फर्मवेअर (चिपमध्येच बसवलेले सॉफ्टवेअर) आणि स्वतःचा नेटवर्क पत्ता असतो. पॉवर सप्लायमधून येणाऱ्या स्टँडबाय विजेवर तो चालतो, त्यामुळे सर्व्हर 'बंद' असला तरी प्लग लावलेला असेपर्यंत कंट्रोलर जागाच राहतो. ऑपरेटिंग सिस्टिम कोसळली, डिस्क रिकामी असली, तरी त्याला फरक पडत नाही. दूर बसून पडदा पाहता येतो, बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जाता येते, इन्स्टॉलेशनची सीडी जणू यंत्रात घातल्यासारखी जोडता येते. कार्यालयात संगणकाचा माणूस पूर्णवेळ नसतो, अशा ठिकाणी तर ही सोय मोठ्या डेटा सेंटरपेक्षाही अधिक उपयोगाची आहे.

यामागे दोन मानके आहेत. आयपीएमआय हे १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून आणले आणि त्याची २.० आवृत्ती २००४ ची आहे. रेडफिश हे त्याच्या जागी येणारे नवीन मानक डीएमटीएफ या मानके ठरवणाऱ्या उद्योगसंघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. ते साध्या एचटीटीपीएस आणि जेसन यांवर चालते, म्हणजे वेब ब्राउझर ज्या वाटेने जातो त्याच वाटेने. तापमान, पंखे, वॉट, डिस्कची स्थिती हे सर्व एखादी लहानशी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी वाचू शकते. नवीन यंत्र घेताना रेडफिश आहे ना, हे जरूर पाहावे आणि ते चालू असेल तर आयपीएमआयचा नेटवर्कवरील भाग बंदच ठेवावा. त्याचे कारण सुरक्षिततेवर लिहिणारे सांगतीलच.

अलर्टबाबत एक सूचना. मेलचा पत्ता भरून थांबू नका. 'टेस्ट' असे बटण असते, ते दाबून मेल खरोखर पोचला का ते पाहा. जुन्या कंट्रोलरना टीएलएस या, नेटवर्कवरची जोडणी सांकेतिक करणाऱ्या पद्धतीच्या नव्या आवृत्त्या येत नाहीत आणि आजच्या मेल सेवा जुन्या आवृत्त्या नाकारतात, त्यामुळे सगळे रकाने बरोबर भरलेले असूनही मेल जात नाही आणि कंट्रोलर त्याबद्दल तक्रारही करत नाही.

तारांगण

खरेदीपूर्वी तपासण्यासारखी एक बाब. छोट्या सर्व्हरमध्ये कंट्रोलर असतोच असे नाही. एचपीईच्या मायक्रोसर्व्हर जेन८ मध्ये आयलो होते, त्यानंतरच्या जेन१० मध्ये ते नव्हते, आणि जेन१० प्लसमध्ये ते परत आले, पण त्याचे स्वतंत्र नेटवर्क पोर्ट हवे असेल तर वेगळे किट घ्यावे लागते. लेनोवोच्या एसटी५० मध्ये कंट्रोलरऐवजी इंटेलचे एएमटी आहे, जे मुळात कार्यालयीन डेस्कटॉपसाठी बनलेले तंत्र आहे.

दुसरे परवान्याचे. आयलोच्या मूळ परवान्यात दूरस्थ पडदा ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होईपर्यंतच दिसतो, पुढे पाहायचे तर ॲडव्हान्स्ड परवाना लागतो. आयड्रॅकमध्येही दूरस्थ पडद्यासाठी एंटरप्राइझ परवाना लागतो. माहितीपत्रकात 'दूरस्थ व्यवस्थापन आहे' एवढेच लिहिलेले असते. ते किती आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

कुंपण

मी नेटवर्क सुरक्षेचे काम करते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देते, कारण लहान कार्यालयांत मला सर्वाधिक चुका इथेच दिसतात.

प्रथम धोका कशा स्वरूपाचा आहे ते पाहू. आयपीएमआय २.० मध्ये लॉगिनची जी पद्धत ठरवली आहे, तिच्यात समोरच्याची ओळख पटण्यापूर्वीच कंट्रोलर त्याला पासवर्डपासून तयार केलेला हॅश (सांकेतिक ठसा) पाठवून देतो. समोरच्याला फक्त एखादे खरे वापरकर्तानाव माहीत असावे लागते. तो हॅश घरी नेऊन निवांतपणे फोडता येतो. हा कोण्या एका कंपनीच्या उत्पादनातला दोष नाही, तो मानकातच आहे, त्यामुळे फर्मवेअर अद्ययावत करून तो जात नाही. त्यात भर म्हणजे पासवर्डची लांबी वीस बाइटपेक्षा अधिक ठेवता येत नाही आणि या पद्धतीला मूळ पासवर्ड लागत असल्याने तो कंट्रोलरमध्ये परत वाचता येईल अशा रूपात साठवावा लागतो. कळसूत्र यांनी आयपीएमआय नेटवर्कवर बंद ठेवा असे सांगितले, त्याचे कारण हे.

आता उत्पादनांतले दोष. २०१७ मध्ये आयलो ४ मध्ये असा दोष उघड झाला की वेब विनंतीच्या एका शीर्षकात इंग्रजी 'ए' हे अक्षर सलग २९ वेळा लिहून पाठवले की लॉगिनची तपासणीच वगळली जाई. २.५३ आवृत्तीत तो दुरुस्त झाला. मार्च २०२५ मध्ये एएमआयच्या मेगारॅक या कंट्रोलर सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन चुकवून आत जाण्याचा दोष जाहीर झाला. हे सॉफ्टवेअर अनेक उत्पादक आपापल्या नावाने वापरतात. त्या दोषाला तीव्रतेच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले, आणि जूनमध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या संस्थेने त्याचा समावेश प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या दोषांच्या यादीत केला. कंट्रोलरमध्ये शिरलेला माणूस ऑपरेटिंग सिस्टिमच्या खाली बसलेला असतो. तिथे तुमचा अँटिव्हायरस पोचत नाही, आणि डिस्क पुसून सर्व नव्याने बसवले तरी तो जागचा हलत नाही.

म्हणून कंट्रोलरचे पोर्ट इंटरनेटवर उघडे कधीही ठेवू नये आणि कार्यालयाच्या सामान्य नेटवर्कवरही ठेवू नये. साधा व्यवस्थापनक्षम स्विच असेल तर त्यावर वेगळे व्हीलॅन (त्याच स्विचवरचे स्वतंत्र आभासी नेटवर्क) करावे. कंट्रोलर, यूपीएसचे नेटवर्क कार्ड आणि खुद्द स्विचचे व्यवस्थापन पान एवढेच त्यात असावे. बाहेरून यायचे असेल तर व्हीपीएनमधून (सांकेतिक, खासगी वाटेने) यावे आणि त्यावर दुसऱ्या टप्प्याची पडताळणी असावी. एवढे जमत नसेल तर कंट्रोलरची केबल काढून ठेवावी आणि गरजेला लावावी. पण त्यातही एक खाच आहे, आणि ती फार जणांना माहीत नसते.

अनेक कंट्रोलरमध्ये 'फेलओव्हर' अशी सेटिंग असते, आणि सुपरमायक्रोच्या बोर्डवर ती मुळातच चालू असते. स्वतंत्र पोर्टमध्ये केबल नसेल तर कंट्रोलर आपण होऊन सर्व्हरच्या पहिल्या सामान्य पोर्टवर येतो आणि तिथून नेटवर्क पत्ता मिळवतो. मालक निश्चिंत असतो की केबल लावलेलीच नाही, आणि कंट्रोलर मात्र सगळ्यांच्या संगणकांशेजारी बसलेला असतो. सेटिंग बदलून 'फक्त स्वतंत्र पोर्ट' अशी करावी.

आणि मूळ पासवर्ड बदलावा. जुन्या आयड्रॅकचा 'रूट' आणि 'कॅल्विन', जुन्या सुपरमायक्रोचा दोन्हीकडे 'ॲडमिन' ही जोडी जगभर ठाऊक आहे. अलीकडे प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड चिठ्ठीवर छापून येतो. तो पासवर्ड बदलला तरी चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, कारण फॅक्टरी रीसेट केल्यावर बहुधा तोच परत लागतो.

दिवेलागण

कुंपण, तुमचा प्रतिसाद वाचून राउटरच्या पानावर पत्त्यांची यादी उघडली. एक नाव ओळखीचे नव्हते. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला आणि आमच्याच सर्व्हरच्या कंट्रोलरचे लॉगिन पान समोर आले. यंत्राच्या मागचे स्वतंत्र पोर्ट रिकामे आहे, त्यावर कारखान्यातले प्लास्टिकचे टोपणसुद्धा अजून तसेच आहे. मूळ वापरकर्तानाव आणि पासवर्ड टाकले आणि आत गेलो. एवढी वर्षे कार्यालयात पाहुणा म्हणून वाय-फाय वापरणाऱ्या कोणालाही हे करता आले असते, कारण आमचे पाहुण्यांचे नेटवर्क वेगळे नव्हते. सेटिंग लगेच बदलली आहे.

मोजमाप

विजेच्या बाजूने लिहिते. सर्वप्रथम हा आकडा पाठ करावा: वर्षभर अखंड जळणारा एक वॉट म्हणजे ८.७६ युनिट. म्हणजे सर्व्हर सरासरी ६० वॉट घेत असेल तर वर्षाला ५२५ युनिटच्या वर, आणि १०० वॉट घेत असेल तर ८७६. सर्व्हर दिवसरात्र चालतो, म्हणून पाच-दहा वॉटचा फरकही वर्षाच्या शेवटी दिसतो.

छोट्या सर्व्हरला खरे काम फार थोडा वेळ असते. सकाळी लॉगिनच्या वेळी आणि रात्री बॅकअपच्या वेळी तो धावतो, एरवी बसून असतो. म्हणून पूर्ण भारावरची कार्यक्षमता बाजूला ठेवून निवांत असताना यंत्र किती वीज घेते, हे पाहायला हवे. २००७ मध्ये गुगलच्या बारोसो आणि होल्झल यांनी हाच मुद्दा मांडला होता की सर्व्हर बहुतेक वेळ १० ते ५० टक्के भारावर असतात आणि कार्यक्षम समजली जाणारी यंत्रेही काहीच काम करत नसताना कमाल विजेच्या निम्म्याच्या आसपास वीज घेत राहतात. त्यानंतर प्रोसेसर बरेच सुधारले, पण भोवतालचे भाग तेवढे सुधारलेले नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. पॉवर सप्लायवरचे ८० प्लस हे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र २०, ५० आणि १०० टक्के भारावर मोजलेले असते. टायटॅनियमसारख्या वरच्या श्रेणीत १० टक्के भारही मोजतात. २३० व्होल्टच्या मोजणीत प्लॅटिनमला ५० टक्के भारावर ९४ टक्के कार्यक्षमता द्यावी लागते. आता ५०० वॉटचे दोन सप्लाय आहेत आणि सर्व्हर ६० वॉट घेतो असे धरा. भार दोघांत विभागला की प्रत्येकावर ३० वॉट, म्हणजे ६ टक्के. ज्या भागात प्रमाणपत्राने पाहिलेलेच नाही, तिथे यंत्र वर्षभर चालते आणि तिथली कार्यक्षमता नेहमीच कमी असते. काही सर्व्हरमध्ये दुसऱ्या सप्लायला झोपवून ठेवण्याची सोय असते, डेल तिला हॉट स्पेअर म्हणते. दोन सप्लाय असतील तर ती चालू करावी. पण चौदा जणांच्या कार्यालयासाठी माझे मत असे की कमी क्षमतेचा एकच चांगला सप्लाय घ्यावा आणि दुसरा सुटा आणून कपाटात ठेवावा. दोन सप्लाय एकाच यूपीएसला लावलेले मी अनेकदा पाहिले आहेत, आणि मग यूपीएस गेला की दोन्ही जातात.

पंख्यांचे गणित फार जण दुर्लक्षित करतात. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग निम्मा झाला तर वीज आठव्या हिश्शावर येते. म्हणून बंद कपाटात कोंडलेला सर्व्हर दोन्हीकडून नुकसान करतो: गरम हवा पुन्हा आत ओढतो आणि त्यासाठी पंखे पळवतो. ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आत येणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस अशी आहे. खोली थंडगार करण्याची गरज नाही, समोरून हवा येईल आणि मागून निघून जाईल एवढी मोकळीक पाहिजे.

एक अनुभव सांगते. एका टॉवर सर्व्हरमध्ये आम्ही दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क कार्ड बसवले आणि त्या क्षणापासून पंखे एका उंच सुरात घोंघावू लागले. तापमान मुळीच वाढलेले नव्हते. कंट्रोलरला त्या कार्डची माहिती नव्हती, म्हणून त्याने सावधगिरीने हवेचा झोत वाढवून ठेवला होता. अनोळखी कार्डासाठीची ही वाढीव थंडाई कंट्रोलरच्या सेटिंगमधून बंद केल्यावर, प्लगमध्ये लावलेल्या वॉटमीटरवरचा आकडा ७१ वरून ५८ वर उतरलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. अर्थात हे करण्यापूर्वी कार्ड स्वतः किती तापते, हे पाहायला हवे.

बायोसमध्ये 'कमाल कामगिरी' अशी योजना निवडली की प्रोसेसरला गाढ विश्रांतीत जाता येत नाही. फाइल सर्व्हरला तिची गरज नसते, संतुलित योजना पुरते. आणि साडेतीन इंची, मिनिटाला ७२०० फेऱ्यांची प्रत्येक डिस्क नुसती फिरताना साधारण पाच वॉट घेते. चार जुन्या डिस्कऐवजी दोन मोठ्या डिस्कचे मिरर (दोन्हींवर एकच माहिती) केले तर दहाएक वॉट तिथेच वाचतात, आणि दिवेलागण यांच्यासारखा प्रसंग आला तर डिस्क पुन्हा भरून घेण्याचे कामही सोपे होते.

तारांगण

वॉटमीटर आणि कंट्रोलर यांचे आकडे जुळतात का?

मोजमाप

तंतोतंत जुळत नाहीत. कंट्रोलरचा आकडा पॉवर सप्लायच्या आतल्या मापकावरून येतो आणि कमी भारावर तो काही वॉट इकडेतिकडे असतो. साध्या टॉवरमधल्या स्वस्त सप्लायमध्ये तर मापकच नसतो. मासागणिक कल पाहायला कंट्रोलर पुरेसा आहे, बिलाशी ताळा करायचा तर वॉटमीटर हवा.

शांतरंग

रात्री बंद करण्याच्या प्रश्नावर माझे मत इथल्या वीज वाचवण्याच्या सुरापेक्षा वेगळे पडेल. वीज वाचते हे खरे, पण रात्र ही सर्व्हरची विश्रांतीची वेळ नसते. बॅकअप, अद्ययावतीकरण आणि रेडची पडताळणी ही कामे रात्रीच होतात. यांतल्या पडताळणीला मी सर्वाधिक महत्त्व देतो. क्वचित वाचल्या जाणाऱ्या फाइलखालचा खराब भाग, कोणी वाचायला जाईपर्यंत कळत नाही. महिन्यातून एकदा संपूर्ण पृष्ठभाग वाचून घेतला नाही तर तो दोष नेमका दुसरी डिस्क भरून काढताना समोर येतो. ज्यांना बंद करायचाच आहे त्यांनी साप्ताहिक सुट्टीपुरता करावा, आणि तोही बॅकअप संपल्यानंतर आपोआप बंद होऊन घड्याळानुसार सुरू होईल अशा पद्धतीने.

त्याहून मोठी बचत यूपीएसमध्ये सापडते. सतत दुहेरी रूपांतर करणारा यूपीएस आलेल्या विजेचे एकदिश (डीसी) विजेत आणि पुन्हा उलट रूपांतर करत राहतो, त्यात चोवीस तास थोडी थोडी वीज उष्णता होऊन जाते. वीज बऱ्यापैकी स्थिर असेल तर लाइन-इंटरॲक्टिव्ह (वीज असताना ती थेट पुढे देणारा) प्रकार पुरतो. मात्र तो शुद्ध साइन तरंग देणारा असावा, कारण आजकालच्या सप्लायना ओबडधोबड तरंग मानवत नाही.

यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडलेली आहे ना, हेही पाहा. ती पेटीतच राहिलेली असते आणि मग बॅटरी संपली की सर्व्हर धाडकन बंद पडतो. विंडोजवर उत्पादकाचे सॉफ्टवेअर आणि लिनक्सवर एनयूटी हे मुक्त सॉफ्टवेअर ते काम चोख करते. वीज परत आल्यावर काय करायचे ही सेटिंग बायोसमध्ये 'पूर्वस्थितीत जा' अशी असते. सर्व्हर व्यवस्थित बंद झालेला असेल तर त्याची पूर्वस्थिती 'बंद' हीच ठरते, आणि मग सकाळी कोणीतरी बटण दाबेपर्यंत तो उठत नाही. ती 'नेहमी सुरू' अशी ठेवावी. शिशाची बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, तिच्यावर बसवल्याची तारीख लिहून ठेवावी.

कळसूत्र

शांतरंग यांच्याशी सहमत आहे. सुरक्षिततेत एक मुद्दा राहिला, तो टीपीएमचा, म्हणजे गुप्त किल्ल्या जपणाऱ्या चिपचा. नवीन सर्व्हरमध्ये टीपीएम २.० असते, काही छोट्या यंत्रांत ते वेगळे बसवावे लागते. त्याच्या आधारे बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करण्याची सोय) लावला तर कोणी डिस्क काढून नेली तरी डिस्क दुसरीकडे वाचता येत नाही. लहान कार्यालयात सर्व्हर कुलपाच्या खोलीत क्वचितच असतो, त्यामुळे हा उपाय इथे अधिकच लागू आहे.

पण टीपीएम यंत्राच्या फर्मवेअरचे माप घेऊन ठेवते. बायोस अद्ययावत केला की माप बदलते आणि बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतो. अद्ययावतीकरणापूर्वी बिटलॉकर तात्पुरता थांबवावा म्हणजे हे टळते. एकदा मी एका ठिकाणी पोचलो तेव्हा निळ्या पडद्यावर ४८ अंकांची की मागितलेली होती आणि ती की ज्या फाइलमध्ये लिहिलेली होती, ती फाइल त्याच कुलूपबंद डिस्कवर होती. कोणा एकाला तिची छापील प्रत आठवली म्हणून दुपारपर्यंत काम सुरू झाले. की कागदावर छापून, सर्व्हरपासून दूर, कुलपात ठेवावी.

सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असणाऱ्यांसाठी: त्यामागची मायक्रोसॉफ्टची २०११ ची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदत संपण्याच्या टप्प्यात येतात. त्यासाठी उत्पादकाचे बायोस अद्ययावतीकरण आणि विंडोजची अद्ययावतीकरणे दोन्ही घ्यावी लागतात. जुना सर्व्हर घेणार असाल तर उत्पादक त्याचे फर्मवेअर अजून काढतो का, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारा.

कुंपण

एक पुरवणी. रेड हा बॅकअप नाही, हे इथे सर्वांना ठाऊक आहे, पण नेहमी जोडलेली यूएसबी डिस्कही खंडणीखोर सॉफ्टवेअरपुढे बॅकअप ठरत नाही. सर्व्हरला जे पुसता येते, ते त्या सॉफ्टवेअरलाही पुसता येते. एक प्रत तरी सर्व्हरच्या अधिकाराबाहेर असावी: काढून ठेवलेली डिस्क, किंवा ठरावीक दिवसांपर्यंत बदलता न येणारी ऑनलाइन साठवण. आणि रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट ३३८९ राउटरवर उघडे असेल तर आजच बंद करा.

दिवेलागण

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दोन आठवड्यांत झालेले काम नोंदवतो. नवीन यंत्रात एकच सप्लाय, दोन डिस्कचे मिरर आणि ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करणारी) मेमरी घेतली आहे. दूरस्थ पडद्याचा परवाना यंत्राबरोबरच मागून घेतला. कंट्रोलर आणि यूपीएस वेगळ्या व्हीलॅनमध्ये आहेत, नेटवर्कवरचे आयपीएमआय बंद आहे आणि पाहुण्यांचे वाय-फाय आता वेगळे आहे. कपाटाचे मागचे फळकूट काढून टाकले आणि दाराला जाळी लावली, त्यामुळे दिवे ये-जा करताना दिसतात. जुना सर्व्हर निवांत असताना वॉटमीटरवर ९४ दाखवत होता, नवीन ४१ दाखवतो. फरक ५३ वॉटचा, म्हणजे वर्षाला सुमारे ४६४ युनिट.

एक अडचण मात्र आहे. काल अलर्टची चाचणी घेतली. मेल निघाल्याची नोंद कंट्रोलरमध्ये आहे, पण माझ्या इनबॉक्समध्ये तो दिसत नाही. रद्दीच्या फोल्डरमध्येही वर नाही.

कुंपण

अगदी तळाशी जाऊन पाहा. कंट्रोलरचे घड्याळ लावलेले नसेल तर मेलवरची तारीख १ जानेवारी १९७० अशी पडते आणि तारखेनुसार लावलेल्या यादीत तो शेवटी जाऊन बसतो. तुम्ही त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवले आहे, तेव्हा बाहेरच्या वेळेच्या सर्व्हरपर्यंत तो पोचत नसणार. राउटर एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची सेवा) देत असेल तर कंट्रोलरमध्ये राउटरचा पत्ता भरा आणि फायरवॉलमध्ये तेवढे एकच पोर्ट, यूडीपी १२३, मोकळे करा. घड्याळ चुकीचे असेल तर प्रमाणपत्रांची मुदतही चुकीची ठरते आणि नोंदींचा ताळा लागत नाही, त्यामुळे हे करायलाच हवे होते.

दिवेलागण

तळाशीच होता, १९७० च्या तारखेने. राउटरचा पत्ता भरला, घड्याळ जुळले. त्यानंतर खरी चाचणी म्हणून रात्रीचा बॅकअप तपासून घेतला आणि मिररमधली एक डिस्क खणातून बाहेर ओढली. जाळीतून पिवळा दिवा दिसला आणि चाळीस सेकंदांत माझ्यासह तिघांच्या फोनवर मेल आला, आजच्या तारखेचा. डिस्क परत बसवली आहे, भरणी ६२ टक्क्यांपर्यंत आली आहे.